दोर बोलला नाही

माझे सासरे आयुष्यभर उलटे चालले. ही थट्टा नाही, त्यांचा धंदाच तसा होता. कमरेला विंचरलेल्या तागाचा गठ्ठा गुंडाळायचा, त्यातली चिमूटभर तुसं ओढून चाकाच्या आकड्यात अडकवायची, कुणीतरी चाक फिरवायचं, आणि आपण बोटांमधून ताग सोडत मागे मागे जायचं. शेडच्या दुसऱ्या टोकाला पाठ टेकली की एक सूत झालं. मग पुढे यायचं, दुसरं सूत लावायचं, पुन्हा मागे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटायचं, हा माणूस एक दिवस कशाला तरी अडखळून पडणार. अकरा वर्षं मी ते चाक फिरवलं, ते एकदाही अडखळले नाहीत. पडले ते पुढे, आणि त्यांना पाडणारी मी होते. तेच सांगायला बसले आहे, मामंजींचे गोडवे गायला नाही.

गोडवे गावेत असा त्यांचा स्वभावही नव्हता. कौतुकाला जीभ जड, खोड काढायला डोळे तयार. चाक जरा सावकाश झालं तर ते ओरडत नसत, नुसते थांबत. दीडशे पावलांवरून त्यांचं ते थांबणं मला ऐकू यायचं. माझ्या हातच्या जेवणाला त्यांनी एकदाच ‘बरं झालंय’ म्हटलं, आणि त्या दिवशी स्वयंपाक सासूबाईंनी केला होता. सासूबाई पुढे वारल्या, तेव्हा मामंजी तीन दिवस शेडमध्ये नुसते बसून राहिले आणि चौथ्या दिवशी कमरेला ताग गुंडाळून उभे राहिले. मला म्हणाले, चाक धर. एवढंच.

खरं तर चाक माझ्या नवऱ्याने धरायचं. पण तागाच्या धुळीने यांना दमा उठायचा, निदान यांचं म्हणणं तरी तसं होतं. ट्रकच्या धुराने मात्र उठत नसे, म्हणून हे ट्रकवर गेले आणि महिन्यातले वीस दिवस बाहेर राहू लागले. चाक माझ्या गळ्यात पडलं. सुरुवातीला मी खूप चडफडले. मग हाताला सवय झाली आणि मग, खोटं कशाला बोलू, आवडायलाही लागलं. चार सुतांचा पेड होताना, चार पेडांचा दोर होताना बघत राहावंसं वाटायचं. चार पेड एकमेकांभोवती फिरले की मधे पोकळी राहते. ती भरायला आत एक सरळ बारीक दोरी घालतात, तिला गाभा म्हणतात. वरून बघणाऱ्याला गाभा कधीच दिसत नाही.

पूर्वी आमच्याकडे विहिरीचे, गुरांचे, होड्यांचे सगळ्या तऱ्हेचे दोर व्हायचे. नायलॉन आला आणि एकेक गिऱ्हाईक गळत गेलं. शेवटी उरला तो एकच दोर, वर्षातून एकदा लागणारा. खेचेचा.

खेच म्हणजे आमच्या गावची रस्सीखेच. किती वर्षांची ते कुणालाच सांगता येत नाही. ज्याला विचारावं तो आपल्या आजोबांकडे बोट दाखवतो. हिवाळा सरता सरता एक दिवस गावाचे दोन तुकडे व्हायचे, डोंगरवाले आणि नदीवाले. डोंगराच्या बाजूला राहणारा डॉक्टर आणि हमाल दोराच्या एका बाजूला, नदीच्या बाजूचा मास्तर आणि कोळसेवाला दुसऱ्या बाजूला. व्याही असले तरी त्या दिवशी एकमेकांना ओळखत नसत. दोर दरवर्षी नवा, आमच्याच शेडचा. आणि तो वळणाऱ्याच्या घरातल्या कुणीही खेचेत हात लावायचा नाही, असा नियम. एका बाजूला झुकलो असा संशयसुद्धा नको. त्यामुळे आमचं घर ना डोंगराचं ना नदीचं. आम्ही वळायचं, लोकांनी ओढायचं आणि आम्ही कडेला उभं राहून बघायचं.

तीन खेची व्हायच्या. पहिल्या दोन्हींत बाजूला चाळीस माणसं, मोजून. तिसरी मोकळी. मोकळ्या खेचेत बघणाऱ्यांपैकी कुणीही येऊन मागे दोर धरायचा. बायका, म्हातारे, सगळे. माणसं वाढत जायची ती पंचाने शिट्टी फुंकेपर्यंत. शिट्टी वाजली की नवा माणूस घ्यायचा नाही, जे आहेत त्यांनीच निकाल लावायचा.

पंच म्हणजे शिट्टीकाका. ते निवृत्त पोस्टमन, तीस वर्षं पंच, आणि मामंजींचे लहानपणापासूनचे सोबती. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. दोघे तासभर काही न बोलता बसत, मग शिट्टीकाका ‘बरं, येतो’ म्हणत, आणि मामंजी म्हणत, ‘बस की, घाई काय.’ मला हसू यायचं.

पण त्यांचं खरं नातं खेचेच्या दिवशी दिसायचं. तागाचा दोर एकदम तुटत नाही. आधी तो कुरकुरतो. मग त्याच्या अंगावर तुसं उभी राहतात, मग आत कुठेतरी एखादं सूत तटकन तुटतं. याला मामंजी म्हणत, दोर बोलतो. शिट्टीकाका मधोमध उभे राहून दोरावर तळवा ठेवायचे आणि मान कलती करायचे. दोर बोलला की शिट्टी. वळणाऱ्याने बोलणारा दोर द्यायचा आणि पंचाने त्याचं ऐकायचं, असा त्या दोघांतला न लिहिलेला करार होता. आणि समजा तुटलाच, तर तागाचा दोर बिचारा मऊ तुटतो. शे-दीडशे माणसं पाठीवर पडतात, अर्धी हसत, अर्धी शिव्या देत, आणि दोन दिवस कुल्ले शेकत बसतात. याहून वाईट कधी झालं नव्हतं.

ज्या वर्षाचं सांगते आहे, त्याच्या आदल्या वर्षी दोर पहिल्याच खेचेत तुटला. मामंजी छातीच्या दुखण्यातून उठले होते, ताग ओलसर निघाला होता, दिवस थोडे उरले होते. पहिल्या खेचेत, चाळीस माणसांत, बोलायलाही न थांबता मधोमध गेला. लोक आधी हसले. मग कुणीतरी ओरडलं की म्हाताऱ्याच्या हातातला जोर संपला, आता शिवणाचा दोराच वळ म्हणावं. मामंजी कडेला उभे होते. त्यांनी दोराचे दोन्ही तुकडे स्वतः गोळा केले, गाडीवर ठेवले आणि घरी आले.

खेच समितीचे अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी होते. चार दिवसांनी ते घरी आले, खुर्चीवर बसले आणि फार गोड बोलले. तुम्ही खूप केलं, आता आराम करा, पुढल्या वर्षी कंपनीचा दोर मागवू, असं त्यांचं म्हणणं. शिट्टीकाका तिथेच होते. त्यांनी शब्द टाकला. एक वर्ष द्या, नाही जमलं तर याच्याबरोबर मीही शिट्टी सोडतो, म्हणाले. अध्यक्षांना नाही म्हणता येईना.

त्यानंतर मामंजींनी जेवण अर्धं केलं. बोलत आधीही नव्हते, आता बघेनासे झाले. ताग आणला तो तीनदा परत केला. सूत काढायचं, उन्हात धरायचं, मोडून टाकायचं. मी चाक फिरवून फिरवून वैतागले. एक दिवस त्यांनी सकाळपासून केलेली नऊ सुतं एका झटक्यात कापली आणि माझा तोल गेला. मी म्हणाले, "एवढी भीती वाटते तर मधल्या भागात नायलॉनचा गाभा घाला की. वरून कुणाला कळणार आहे?"

हे मीच म्हणाले. रागाच्या भरात म्हणाले, पण म्हणाले. मामंजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी दांडा सोडून घरात निघून गेले.

तीन आठवडे तो विषय निघाला नाही. मग एका सकाळी मी ताग विंचरत असताना ते मागे येऊन उभे राहिले आणि विचारलं, तो नायलॉन कुठल्या दुकानात मिळतो म्हणालीस. मी दुकानाचं नाव घेतलंच नव्हतं. मासेमारीचं सामान विकणारं एक दुकान मला माहीत होतं, तिथून मीच जाऊन आणला. पंचवीस हात, अंगठ्याएवढा जाड, पांढराशुभ्र. पिशवीत खाली तो आणि वर पालेभाजी, अशी घरी आले. मला तेव्हा त्यात गंमत वाटली होती, हेही सांगून टाकते.

नायलॉन ताणला की लांबतो, म्हणून मामंजींनी तो आधी दगड बांधून आठवडाभर ताणून ठेवला आणि तसाच ताठ, मधल्या पंचवीस हातांत आत घेतला. दोन्ही टोकं तागाच्या गाभ्यात इतकी सफाईने मिसळली की मला माहीत असूनही बोटाला लागेनात. दोर असा देखणा झाला की काय सांगू. मामंजी म्हणाले, हे तुझ्यामाझ्यात. आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

तुटू नये याचा विचार आम्ही दोघांनी केला. तो बोलेल कसा, याचा विचार दोघांपैकी एकानेही केला नाही. दोर बोलतो हे ज्यांनी मला शिकवलं त्यांना ते सुचू नये, याचं मला आजही नवल वाटतं. सगळा भार तो ताठ गाभा ओढून घेणार, वरच्या तागाला ताण बसणारच नाही, मग ताग कुरकुरेल कशाला? साधी गोष्ट. पण आदल्या वर्षीचं ते हसणं आमच्या दोघांच्या कानांत इतकं भरलं होतं की दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

खेचेच्या दिवशी छान ऊन होतं. पहिली खेच डोंगरवाल्यांनी घेतली, दुसरी नदीवाल्यांनी. दोर जसाच्या तसा. लोक मामंजींकडे वळून बघायला लागले, कुणी दुरून हात केला. मोकळी खेच सुरू झाली. नदीच्या बाजूला सगळ्यांत पुढे शिंपी होता. किडकिडीत माणूस, पण पाय रोवून उभं राहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून तो नेहमी पुढे. माझ्या मुलांचे शाळेचे शर्ट त्याच्याकडेच होते. त्या सकाळी मैदानावर भेटला तेव्हा म्हणाला, वहिनी, संध्याकाळी घेऊन जा, फक्त काजं राहिलीत.

माणसं वाढायला लागली. साठ, ऐंशी, शंभर एका बाजूला. शिट्टीकाका तळवा दोरावर ठेवून, मान कलती करून उभे. एवढी माणसं आम्ही कधीच बघितली नव्हती. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी मान वर करून गर्दीत मामंजींना शोधलं आणि भुवया उंचावल्या. विचारत होते. मामंजी हसले, आणि मान डोलावली. घे अजून.

शिट्टीकाकांनी हात तसाच ठेवला. दोर बोलला नाही. अजून वीसेक माणसं आली.

आवाज बंदुकीचा बार व्हावा तसा झाला. डोंगराकडची बाजू सगळी मागे कोसळली आणि नदीकडचं तुटलेलं टोक उलटं फिरलं. तागाचं टोक जागच्या जागी पडतं. हे पडलं नाही, चाबकासारखं आलं. शिंप्याच्या गळ्यावर बसलं आणि त्याच्यामागच्या, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या डोळ्यावर. पेंटरचा तो डोळा गेला. शिंपी दवाखान्यात पोचलाच नाही.

सगळं मैदान दवाखान्याकडे धावलं. मी आणि मामंजी तेवढे राहिलो. आम्ही दोराचे दोन्ही तुकडे हातगाडीवर घातले. ते आमचंच काम असायचं, कुणाला त्यात काही वाटलं नाही. शेडचं दार लावून बघितलं तर दोन्ही टोकांतून पांढरे झुबके बाहेर आलेले. मामंजी जमिनीवर बसले. मी म्हणाले, कापा. त्यांनी ऐकलं नाही असं वाटून पुन्हा म्हणाले. मग त्यांनी नायलॉन होता तेवढा सगळा भाग दोन्हीकडून कापला, उरलेल्या टोकांचा ताग ओरबाडून तुटल्यासारखा केला, आणि मी ते तुकडे पाणी तापवायच्या चुलीत घातले. नायलॉन जळत नाही, वितळून काळा थेंब थेंब पडतो. त्याचा वास चार दिवस माझ्या केसांतून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकशीचे अधिकारी यायच्या आधी, शिट्टीकाका आले. ओट्यावर न बसता सरळ शेडमध्ये आले आणि मामंजींसमोर आपला उजवा तळवा धरला.

"दोर बोलला नाही रे," ते म्हणाले. "मी हात उचललाच नव्हता. तुला तर माहीत आहे, मला कळतं. का माझा हातच मेला आता?"

मामंजी खाली बघत होते. म्हणाले, "वय झालं आपलं."

मी चाकाजवळ उभी होते. त्या क्षणी मला मामंजींचा असा राग आला की वाटलं, ओरडून सांगावं. पण सांगितलं नाही. राग येणं फार सोपं असतं.

चौकशी शाळेच्या हॉलमध्ये झाली. अधिकारी, एक कारकून, पुढे बाक. मामंजींना जाणकार म्हणून बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं की दोर चोख होता, माणसं जास्त झाली. एवढंच सांगून ते येऊन बसले. शिट्टीकाकांना विचारलं की इतकी माणसं होईपर्यंत तुम्ही का थांबलात, तर ते म्हणाले, दोर बोलला नाही म्हणून. कारकुनाला हसू आवरेना. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे रागाने बघितलं, पण लिहून घेतलं ते असं की पंच दोराच्या आवाजावर विसंबून राहिला. दोष शिट्टीकाकांवर आला आणि पुढे कोर्टात खटला उभा राहिला.

खटला उभा राहीपर्यंत आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत शिट्टीकाका रोज आमच्याकडे येत राहिले. लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, शिंप्याची बायको रस्त्यात दिसली की ते गल्ली बदलायचे. आमच्याकडे येऊन ते एकच गोष्ट मागायचे: एक जुना दोर दे, हात तपासायचा आहे. शेडच्या खांबाला दोर बांधायचा, दुसरं टोक मी चाकाला लावून ताण द्यायचा, आणि शिट्टीकाका डोळे मिटून त्यावर तळवा ठेवणार. दोर कुरकुरला की लगेच हात वर करायचे. दर वेळी बरोबर. एकदाही चुकले नाहीत.

"आता तर ऐकू येतंय," ते म्हणायचे. "मग त्या दिवशी काय झालं मला?"

मामंजी हे बघत बसायचे. एक दिवस शिट्टीकाका असेच हात वर करून उभे असताना मामंजी उठून शेडबाहेर गेले आणि शिट्टीकाका घरी जाईपर्यंत आत आले नाहीत.

खटल्याच्या तारखेला आम्ही सगळे गेलो. हेही ट्रक सोडून आले होते. मी यांना सगळं सांगितलं होतं. यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले की अप्पांचं, म्हणजे मामंजींचं, अप्पा बघतील, पण तू आत गेलीस तर मुलांना जेवायला कोण घालणार. मामंजी काही ठरवून आलेत हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

मामंजी साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. गाभा, नायलॉन, पंचवीस हात, दगड, चूल. मी आधी खोटं बोललो, म्हणाले. हा माझा मित्र निर्दोष आहे, दोर बोलूच शकत नव्हता, मी त्याचं तोंड बांधलं होतं. कोर्टात कुजबुज झाली. शिट्टीकाका आपल्या जागेवर उभे राहिले, त्यांना खाली बसवावं लागलं.

सरकारी वकील तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने विचारलं, तुमची मैत्री किती वर्षांची? मामंजी म्हणाले, साठ. तो नायलॉन आता कुठे आहे? जळला. तो कोणत्या दुकानातून घेतलात? दुकान मामंजींना माहीत नव्हतं, कारण दुकानात मी गेले होते, आणि माझं नाव ते घेणार नव्हते. त्यांनी काहीतरी नाव सांगितलं. ते दुकान भांड्यांचं निघालं. मागे कुणीतरी हसलं, पण मायेने हसलं. सगळ्यांना वाटलं, म्हातारा मित्रासाठी धडपडतोय आणि त्याला धड खोटंही बोलता येत नाही.

मग विचारलं, चाक कोण फिरवत होतं? सून. तिला हे माहीत होतं? "नाही," मामंजी म्हणाले. "चाकाजवळून काही दिसत नाही."

न्यायाधीशांनी मला बोलावलं. मी तिसऱ्या बाकावर होते. तिथून पिंजऱ्यापर्यंत चालत जाताना माझ्या डोक्यात शिंपी नव्हता, शिट्टीकाका नव्हते, मामंजीही नव्हते. माझे दोन्ही मुलगे शेजारणीकडे होते आणि त्यांनी सकाळी दूध प्यायलं नव्हतं, एवढंच होतं. मला विचारलं की दोरात नायलॉन घातलेला तुम्ही पाहिलात का. मामंजींनी मला वाचवायची जागा करून ठेवली होती. मी फक्त ‘मला दिसलं नाही’ म्हटलं असतं तरी त्यांच्या बोलण्याला थोडा तरी आधार उरला असता.

मी म्हणाले, "नाही. आमच्याकडे नायलॉन कधी आलाच नाही. मामंजी थकलेत हो, मित्रावर त्यांचा फार जीव आहे."

माझा आवाज थरथरला. लोकांना तेही खरं वाटलं. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. न्यायाधीश म्हणाले की या वयात अशी मैत्री दिसणं दुर्मीळ आहे, पण कोर्टाला पुरावा लागतो. शिट्टीकाकांना दोन वर्षांची शिक्षा झाली.

मामंजी माझ्याशी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. मी वाढलं ते खाल्लं, औषध दिलं ते घेतलं, पण माझ्याशी बोलणं त्या दिवसापासून संपलं. चाकाचा दांडा त्यांनी स्वतः काढून ठेवला. खेच सरकारी हुकमाने बंद झाली होतीच. बाहेर पडले की लोक त्यांना वाट करून द्यायचे. मैत्री असावी तर अशी, असं तोंडावर म्हणायचे. मामंजी थांबून सांगायचे की ते खरं होतं, मी खोटं बोललो नव्हतो. तेवढ्याने लोकांचा आदर आणखी वाढायचा. शेवटी त्यांनी बाहेर जाणंच सोडलं.

शिट्टीकाका एकोणीस महिन्यांनी सुटले. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आले. मामंजी तेव्हा अंथरुणाला खिळले होते, छातीचं दुखणं पुन्हा उलटलं होतं. दुपारची वेळ होती. शिट्टीकाका अर्धे झाले होते, शर्ट अंगावर दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता. पलंगाच्या कडेला बसले आणि मामंजींचा हात आपल्या हातात घेतला.

"आत दिवस कसे गेले विचारशील तर तुझ्यामुळे गेले," ते म्हणाले. "माझ्यासाठी कुणीतरी भर कोर्टात स्वतःला बट्टा लावून घेतला, एवढं मला पुरलं. चूक माझ्या हाताची होती, ती मी फेडली. तू मनात काही ठेवू नकोस."

मामंजींना दम लागत होता. एकेक शब्द तोडून ते म्हणाले, "हात चुकला नाही तुझा. नायलॉन होता."

शिट्टीकाकांनी त्यांच्या हातावर थोपटलं आणि माझ्याकडे बघून हसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघ पोरी, अजून सोडत नाही."

मामंजींनी उशीवर मान वळवली. कोर्टातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"सूनबाई," म्हणाले, "सांग त्याला."

दोघेही माझ्याकडे बघत राहिले. खोलीत आमच्या तिघांशिवाय कुणी नव्हतं. कोर्ट नव्हतं, वकील नव्हता, खटला संपला होता. मुलं शाळेत होती.

मी म्हणाले, "चहा टाकते," आणि आत गेले.

मामंजी त्यानंतर अकरा दिवस होते. पुन्हा बोलले नाहीत. शिट्टीकाका अजून आहेत, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. आपला हात त्या दिवशी मेला होता असंच समजून आहेत, आणि भेटले की मामंजींची आठवण काढतात. हे सगळं मी लिहून काढलं आहे. त्यांना सांगितलेलं नाही.